पांगुळगाडा कुणी काढायचा?

‘आजकालची मुलं फार परावलंबी झालीत’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत कुठेही ऐकू येतं. गंमत म्हणजे ते म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपल्या मुलाचा अकरावीचा फॉर्म स्वतःच बसून भरलेला असतो. मला या वाक्याचा राग येतो. पण राग आला म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. तेव्हा जरा नीट बघू.

पुण्यात माझ्यासोबत राहणारा मित्र २४ वर्षांचा आहे. कोडिंग उत्तम करतो, पगार चांगला आहे. त्याचा इन्कम टॅक्स रिटर्न गावाकडून बाबा भरतात, विमा बाबांनी निवडलाय, रात्री दहानंतर त्याचं लोकेशन आई बघते. आधीच्या घरमालकानं डिपॉझिट अडवलं तेव्हा यानं फोन बाबांना जोडून दिला. दहा मिनिटांत पैसे परत. मी काही म्हणायच्या आत त्यानंच विचारलं, ‘‘यात वाईट काय झालं?’’

प्रश्न प्रामाणिक आहे. वाईट काहीच झालं नाही. फक्त घरमालकाशी भांडायची वेळ पुन्हा आली, तर तो पहिल्या वेळेइतकाच नवखा असेल.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८४ साली प्रबोधन म्हणजे काय यावर एक छोटा निबंध लिहिला. तो लहान मुलांबद्दल नाही. वयानं वाढूनही दुसऱ्याच्या बुद्धीनं चालणाऱ्या मोठ्यांबद्दल आहे. त्यात दृष्टान्त आहे तो आपल्या ओळखीच्या पांगुळगाड्याचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राखण करणारे आधी तुम्हाला गाड्याला बांधतात आणि मग गाडा सोडून चाललात तर किती धोका आहे ते दाखवतात. धोका खरं तर फार मोठा नसतो, दोन-चारदा पडून माणूस चालायला शिकतो. पण एकदा मनात भीती बसली की तो प्रयत्नच सोडून देतो.

कांट दोष मात्र फक्त राखण करणाऱ्यांना देत नाही. दुसऱ्यानं आपल्यासाठी विचार करणं आरामाचं असतं, असंही तो सांगतो. हे आपल्याला टोचायला हवं. कुठे फिरायला जायचं हे आपण ठरवणार, पण हप्ता बाबांच्या खात्यातून जाणार. निर्णय चुकला तर ‘तुम्हीच म्हणाला होतात’ असं म्हणायची सोय राहते. पांगुळगाडा आपल्यालाही आवडतो.

यावर मोठी माणसं ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. आम्ही दिवसभर उंडारायचो, कुणी विचारायचं नाही, वगैरे. ते पूर्ण खरं नाही. चाळीत किंवा वाड्यात एका पोरावर वीस घरांचे डोळे असायचे. पडलं तर कुणीतरी उचलायचं, सिगारेट ओढली तर संध्याकाळच्या आत घरी कळायचं. आता ते वीस घरांचं काम दोन माणसांवर आलंय, बाहेर रस्त्यावर भरधाव गाड्या आहेत आणि त्या दोघांच्या हातात फक्त फोन आहे. आईनं लोकेशन बघण्यामागे संशयापेक्षा तिचं एकटेपण जास्त असावं, असं मला वाटतं.

आणि काळजी कमी झाली की मूल आपोआप स्वतंत्र होतं, असंही नाही. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी बघा. आईबाप फडात असताना ती कोपीत भाकरी करते, धाकट्याला सांभाळते. माझ्या मित्राला जमणार नाहीत अशी दहा कामं तिला येतात. पण तिची शाळा सुटली, हे तिनं ठरवलेलं नाही. तिच्या वाट्याला परिणाम आले, निवड आली नाही. माझ्या मित्राकडे निवड आहे, परिणाम बाबा झेलतात. निवड आणि तिचा परिणाम एकाच माणसाच्या हातात येतो, त्यालाच मी स्वातंत्र्य म्हणेन. स्वतःचे कपडे धुता येणं हा त्याचा फार छोटा भाग आहे.

मुलींच्या बाबतीत तर ‘काळजी’ हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. भाऊ १९व्या वर्षी बाइकवर कोकणात जाऊन येतो. बहिणीला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं तर आठवडाभर आधी परवानगी. दोन्हीला घरात काळजीच म्हणतात. देशानं १९८९ पासून १८ वर्षांच्या मुलीला खासदार निवडायचा हक्क दिलाय. कित्येक घरांत तिला स्वतःची शाखा निवडायचा मात्र अजून नाही.

मग पालकांनी करायचं काय? ‘श्यामची आई’मधली आई आठवून बघा. मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर लुगड्याचे ओचे पसरणारी तीच आई, पोहायच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीकडे पाठवते. तिच्या माराचं समर्थन मी करणार नाही. पण विहिरीत त्याच्या कमरेला सुकड होती, म्हणजे तरंगत ठेवणारं साधन, आणि आजूबाजूला पोहणारी माणसं होती. बुडू नये याची व्यवस्था होती. हातपाय मात्र त्यालाच मारायचे होते.

आपल्या बाजूनं करण्यासारखंही काही आहे. मी घरी फोन करतो, सल्ला मागतो, पण ‘काय करू?’ असं विचारणं थांबवलंय. ‘मी असं करायचं ठरवतोय, यात मला न दिसलेलं काही आहे का?’ असं विचारतो. बाबांना पहिल्यांदा ते उद्धट वाटलं. आता ते खरोखर विचार करून उत्तर देतात, आणि कधीकधी त्यांचंच बरोबर असतं.

आई अजून घाबरते. पोचल्यावर मेसेज कर म्हणते, आणि मी करतो. तिची भीती संपेल त्या दिवशी मी मोकळा होईन, असं ठरवलं असतं तर चाळिशीतही वाट बघत बसलो असतो. भीती तिची आहे, ती तिच्याकडे राहील. तिला घेऊनच निघावं लागतं.