मेथीची जुडी आणि पाच रुपये

भाजी आणायला मला आवडतं. घरातलं कुणी पिशवी घेऊन निघालं, की ती मी त्याच्या हातातून काढून घेतो. घाटकोपर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की संध्याकाळी भाजीवाल्यांच्या रांगा लागलेल्या असतात. 2014 साली मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून लोकलची आणि मेट्रोची गर्दी इथं एकत्र उतरते. त्या लोंढ्यात धक्के खात माणसं पावशेर मिरची, अर्धा किलो गवार घेतात आणि घराची वाट धरतात. मला मात्र घाई नसते. ओल्या गोणपाटावरची कोथिंबीर, मुळ्याचा उग्र वास, पाणी मारून तुकतुकीत केलेली वांगी. माळशेज घाटापलीकडचं माझं गाव मला इथं थोडंसं भेटतं.

भाजी पारखायची विद्या गावाकडूनच आणलेली. वांगं हाताला हलकं लागावं, जड लागलं तर आत बी झालेलं असतं. दुधीला नख सहज रुतावं. गवार मोडली की कट्कन आवाज यावा. मेथी घ्यायची ती कोवळ्या देठाची. भेंडीचं टोक मोडून बघायची सवयही होती, पण ती पुढे सोडली. मोडलेली भेंडी आपण पाटीत परत टाकतो आणि नंतरचं गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. आपली पारख होते, नुकसान भाजीवालीचं.

एका थंडीत आई गावाहून राहायला आली होती. तिला घेऊन बाजारात गेलो. रात्रीचे नऊ वाजत आले होते. एका मावशींकडे मेथीच्या पाच-सहा जुड्या उरल्या होत्या. त्या म्हणाल्या पंचवीस, मी म्हणालो वीस.

"दादा, मलाच वीसला पडलीय."

मी काही न बोलता चालायला लागलो. गिऱ्हाइकाचं हे फार जुनं हत्यार आहे. चार पावलं गेलो तोच मागून हाक आली, "न्या, न्या वीसला!" मी जुडी पिशवीत टाकली. गावातून आलो तरी मुंबईत मला कुणी फसवू शकत नाही, हे आईला दिसलं म्हणून मनात थोडा फुगलोसुद्धा.

आई वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर पेपर पसरून मेथी निवडायला बसली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "तू काय जितला न्हाईस. मेथी सुकत चालली व्हती म्हनून तिनं दिली."

मला राग आला. म्हणालो, "आठवडे बाजारात तू कमी घासाघीस करायचीस काय? बोंबीलवाल्याला तर रडवायचीस!"

"आरं, बोंबील वाळल्याला असतोय. त्यो बाबा फुडल्या बाजारी त्येच बोंबील घिऊन बसंल. त्याला न्हाय म्हनायची सोय हाय. हिला कुठं हाय?"

तिच्या बोलण्यानं मला दादांची पट्टी आठवली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मुंबईचा भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याला होता. तो वाशीला गेला 1996 मध्ये. दुपारनंतर आम्ही सगळी पोरं मेथी उपटायला रानात. जुड्या बांधायच्या, मुळांची माती झटकायची, ओलं गोणपाट टाकायचं आणि संध्याकाळच्या ट्रकवर माल चढवायचा. ट्रक रात्री घाट उतरून पहाटेच्या आत बाजारात. दोन-तीन दिवसांनी पट्टी यायची. शेकडा काय भाव मिळाला ते वर, आणि खाली भाडं, हमाली, आडत वजा. एकदा वजाबाकी विक्रीपेक्षा मोठी निघाली. माल आमचा, मेहनत आमची, आणि देणंही आमच्याच अंगावर. याला आमच्याकडे उलटी पट्टी म्हणतात. दादांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उभ्या मेथीत मेंढरं सोडली. मेथी परत आणता येत नव्हती, ठेवता येत नव्हती, आणि दादा तर बाजारात हजरसुद्धा नव्हते.

कांद्याचं वेगळं. उन्हाळी कांदा चाळीत भरला की शेतकरी काही महिने तरी वाट बघू शकतो. ज्याला थांबता येतं, त्याला भावात बोलता येतं. पालेभाजीवाल्याला थांबता येत नाही. आपण ज्याला ताजेपणा म्हणतो आणि ज्याच्यासाठी बाजारात जातो, तेच विकणाऱ्याच्या मानेवरचं ओझं असतं. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. सप्टेंबरात तो इतका कोसळला की काही ठिकाणी शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला, ते फार थोड्यांच्या. जुलैत आपण महिनाभर टोमॅटोवाचून आमटी केली. आपल्याला थांबता आलं. तोडायला आलेला टोमॅटो झाडावर थांबत नाही.

मग घासाघीस करूच नये का? असं म्हणणं मला सोपं आहे, कारण माझ्या खिशात आज पाच रुपये जास्त आहेत. डोंगरावरच्या चाळीत महिनाअखेरीला नाणी मोजून भाजी घेणारी बाई भाव विचारणारच, आणि तिनं विचारावा. शिवाय भाजीवालीही काही भोळी नसते. गिऱ्हाईक पाच रुपये पाडणार हे धरूनच ती भाव सांगते. आणि मी जास्तीचे पाच रुपये दिले, तर ते घाटावरच्या शेतकऱ्याला पोचतील या भ्रमातही मी नाही. त्याची पट्टी पहाटेच ठरून गेलेली असते. दया म्हणून जास्त पैसे टेकवणं तर मला पटतच नाही. दादांना कुणी तसे दिले असते तर त्यांनी घेतले नसते.

बराच विचार करून मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. भाव एकदा विचारायचा. मागायचं तर एकदाच मागायचं, आणि ती नाही म्हणाली तर एक तर त्या भावाला घ्यायचं, नाही तर खरोखर निघून जायचं. पण उशीर झाला आहे, मेथी माना टाकते आहे, तिला कल्याणची की कसाऱ्याची गाडी गाठायची आहे, हे ओळखून चालू लागायचं नाटक करायचं नाही. भावासाठी भांडायला माझी हरकत नाही. समोरच्याची अडचण मोजून भाव पाडायचा, याला आहे. उलट तिनं स्वतःच रात्री भाव उतरवला तर बिनदिक्कत घ्यावी. तो तिचा हिशोब असतो. फेकण्यापेक्षा विकलेली बरी, आणि आपल्यालाही स्वस्त पडते.

आईच्या त्या बोलण्याला बरीच वर्षं झाली. मावशी अजून त्याच जागेवर बसतात. परवा साडेआठला त्यांनीच हाक मारली, "दादा, दोनच राह्यल्यात. चाळीसला दोन्ही न्या, म्हंजे मी सुटले." मी दोन्ही घेतल्या. कढीपत्त्याची एक काडी त्यांनी न मागता वर टाकली.

घरी बायको म्हणाली, "एवढी मेथी निवडणार कोण?"

पेपर पसरून मीच बसलो.