आपलं की त्यांचं?

नाशिकजवळच्या ओझरहून उडालेलं सुखोई दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवरून जातं, तेव्हा आवाज ऐकून मान वर करेपर्यंत ते पुढं निघून गेलेलं असतं. पंखावरचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ खालून कुणाला दिसत नाही. एचएएलच्या कारखान्यात ते बिनचूक आखून रंगवलेलं असतं, तरीही. मग ते असतं कुणासाठी?

सुरुवातीला ते शत्रूसाठी नव्हतंच. ते होतं आपल्याच शिपायांसाठी. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, जमिनीवरच्या सैनिकाला आकाशातलं प्रत्येक यंत्र सारखंच दिसे आणि दिसेल त्यावर तो बंदूक झाडे. ब्रिटिशांनी घाईघाईनं पंखाखाली युनियन जॅक रंगवला. जर्मनांनी सप्टेंबरमध्ये काळा क्रॉस ठरवला: पांढऱ्या पार्श्वभूमीवर, टोकाकडे पसरत जाणाऱ्या बाहूंचा, १८१३ च्या प्रशियन शौर्यपदकावरून घेतलेला. झालं असं, की लांबून युनियन जॅकमधलाही क्रॉसच तेवढा उठून दिसू लागला. शेवटी ब्रिटिशांनी फ्रेंचांचं वर्तुळ उचललं, फक्त रंगांचा क्रम उलटा केला. राष्ट्रध्वज म्हणून कितीही देखणा असो, हजार फुटांवरून वाचता आला नाही तर तो कुचकामाचा, हे तेव्हाच सिद्ध झालं.

जर्मनांनाही आपल्या क्रॉसची तीच अडचण भासली असावी. मार्च १९१८ मध्ये हुकूम निघाला की पसरट बाहू बंद, यापुढं सरळ पट्ट्यांचा क्रॉस. पुढच्या काही महिन्यांत पट्ट्यांची रुंदी आणि पांढरी किनार यांबद्दल पुन्हा पुन्हा नवे हुकूम आले. आघाडीवरच्या मेकॅनिकांनी डबे आणि ब्रश घेऊन जुन्या क्रॉसवरच नवा चढवला. त्या वर्षीच्या फोकर विमानांची छायाचित्रं नीट पाहिली, तर सरळ पट्ट्यांच्या कडेला खालच्या पसरट बाहूंची बुजवलेली टोकं कित्येकदा ओळखू येतात. जर्मन वैमानिक रिश्टहोफेननं आपलं विमान लालभडक करून घेतलं, पण क्रॉसला हात लावण्याची मुभा त्यालाही नव्हती.

या सरळ क्रॉसच्या समोर आपली माणसंही उडत होती. इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ ला फ्रान्समध्ये पडले. त्याच्या काही आठवडे आधी मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर गेले. दोघांच्या विमानांवर ब्रिटिश वर्तुळ होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं का, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नसता. आज तो टाळता येत नाही.

८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दल स्थापन झालं, तेव्हाही वर्तुळ तेच लाल-पांढरं-निळं. त्यात बदल घडवला तो जपाननं. जपानी विमानांवर लाल गोळा असे; ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल ठिपका दिसला की बोट चापावर जाई. म्हणून १९४२ मध्ये या भागातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून लाल रंगच काढून टाकला. उरल्या निळ्याच्या गडद-फिक्या छटा. साम्राज्याच्या दिमाखाचा रंग एका झटक्यात गेला, कारण पुन्हा तेच: आपलीच गोळी.

स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आलं. कल्पना सुंदर, पण चोवीस आरे लांबून कसे दिसणार? पुढं तिरंगी वर्तुळ आलं ते याच कारणानं, असा माझा तर्क आहे. रीत युरोपातली, रंग आपले. तिकडं जर्मनीनं नाझी काळात शेपटीवर स्वस्तिक चढवलं, आणि १९५६ मध्ये नव्या सैन्यासाठी क्रॉस परत आणला तो १९१८ पूर्वीच्या पसरट बाहूंचा. नको असलेली बारा वर्षं ओलांडून मागं जायचं, तर जुनं पदकच सोयीचं होतं.

ओझरला १९६० च्या दशकापासून मिग बनू लागले आणि जुन्या प्रश्नाला नवं वळण मिळालं. सोव्हिएत लाल तारा लावून उडणारं तेच विमान इथं केशरी कडा घेऊन बाहेर पडे. आज चीनकडेही सुखोई-३० आहेत, आणि आकारावरून नाशिकचं सुखोई वेगळं काढणं अवघड. दिवसाउजेडी, डोळ्यांनी ओळखण्याचा जमाना तर कधीच सरला. आता जमिनीवरून रेडिओनं विचारणा होते आणि विमानातलं यंत्र सांकेतिक उत्तर देतं.

ते यंत्र आणि त्यामागची माणसं चुकली तर काय होतं, हे नाशिकला ठाऊक आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही मोठी चूक होती, हे हवाई दल प्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. रंगवलेली खूण अशा वेळी कुणाला वाचवत नाही. क्षेपणास्त्रामागच्या माणसापुढं पडद्यावरचा ठिपका असतो.

तरी ती खूण काढून टाकावी असं मला वाटत नाही. अमेरिकेनं बहुतेक लढाऊ विमानांवर ती करड्या रंगात जवळजवळ पुसून टाकली आहे. आपण रंग राखले, ते बरं केलं. १९२३ च्या हेगच्या मसुद्यात लष्करी विमानावर बाहेरून दिसणारं राष्ट्रचिन्ह हवं असं म्हटलं होतं. मसुद्याचा करार झाला नाही, रीत मात्र टिकली. कारण या विमानानं जे केलं त्याची जबाबदारी अमुक देशाची, असं ते चिन्ह बोलतं. पंजाबच्या सीमेवरून रात्री येणाऱ्या छोट्या ड्रोनवर असलं काहीच नसतं, आणि पहाऱ्यावरचा जवान पुन्हा १९१४ च्या शिपायासारखा उडणाऱ्या आवाजाच्या दिशेनं गोळी झाडतो.