चालू खातं

बँकेतल्या कारकुनाला तत्त्वज्ञान कळत नाही, असं लोक समजतात. लोकांचं सोडा, आमच्या घरातही तसंच समजतात. पण बावीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसापुढे जितके तात्त्विक प्रश्न येतात, तितके काशीच्या पंडितापुढेही येत नसतील. फरक एवढाच, की पंडिताला उत्तर शोधायला अख्खा जन्म मिळतो आणि आमच्यापुढे रांग असते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी पिशोरजवळच्या एका वस्तीवरच्या आजीबाई पैसे काढायला आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शंभराच्या चार नोटा भरल्या होत्या. मी चार नोटा दिल्या. आजींनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि परत माझ्यापुढे सरकवल्या.

"ह्या माह्या नोटा न्हाईत."

"आजी, पैसे तेवढेच आहेत."

"तेवढेच हायेत, पण तेच न्हाईत. माह्या एका नोटंला हळद लागेल होती."

बँक नोटा सांभाळत नाही, रक्कम सांभाळते, हे मी त्यांना बी.कॉम.च्या भाषेत समजावून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग सांभाळायचं ते काय?" शेवटी साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "आजी, तीच वस्तू परत पाहिजे असेल तर लॉकर घ्यावा लागतो. खात्यात फक्त हिशेब तोच राहतो." आजी नोटा घेऊन गेल्या, पण चेहऱ्यावरून दिसत होतं, की बँकेने त्यांची हळदीची नोट खाल्ली ती खाल्लीच.

मी तेव्हा हसलो होतो. तात्त्विक प्रश्नाला हसलं की तो चक्रवाढ व्याजाने परत येतो. माझ्याकडे तो अण्णांच्या फियाटवर बसून आला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिशोरला डॉक्टर होते. त्यांनी १९९१ साली एक जुनी गाडी घेतली. खरं म्हणजे ती १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी; पण गावात तिला कायम 'डॉक्टरांची फियाट' म्हणत, आणि गाव अगदीच चुकत नव्हतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून फियाटची 'डिलाइट' बनवली आणि तिलाच १९७४ साली चितोडच्या राणीचं नाव दिलं. राणीचं बळ १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, आणि पुढची सीट सलग बाकासारखी. त्या सीटवर डॉक्टर, पेशंट, पेशंटची सासू आणि सासूची पिशवी एवढे सगळे मावत. अडलेल्या बाळंतिणी अण्णांनी ह्याच गाडीतून कन्नडला पोचवल्या. एक बाळ तर घाटातच, मागच्या सीटवर जन्मलं. आज ते बाळ बँकेत पीककर्जाला येतं आणि व्याजात सूट मागताना त्या सीटचा हवाला देतं.

पुढे अण्णांनी गाडी चालवणं सोडलं आणि राणी पत्र्याच्या शेडमध्ये अज्ञातवासात गेली. आत कोंबड्या राहू लागल्या. मग माझी कन्नडच्या शाखेत बदली झाली. रोज घाटातून ये-जा आली. त्याच सुमारास पुण्याचा भाचा मला व्हिडिओ पाठवू लागला. परदेशातले लोक जुन्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कूपे गाड्या हुडकून काढतात, बाहेरचा आकार जसाच्या तसा ठेवतात आणि आत नवे ब्रेक, नवी वायरिंग घालून रोज ऑफिसला नेतात. बाहेरून आजोबा, आतून नातू! आमच्या राणीला दारं चार होती आणि स्पोर्ट म्हणाल तर एकच, धक्का मारण्याचा. तरी मी ठरवलं, हिलाच उठवायचं.

साहेबांना सांगितलं, तर ते दचकले. म्हणाले, "हात लावू नकोस. २०२१ चा नियम माहीत आहे? पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. २०३४ पर्यंत थांब." मी विचारलं, मग ती रोज चालवता येईल का? तर नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. थोडक्यात, ज्या गाडीचा मान राखायचा ती चालवायची नाही, आणि जी चालवायची तिचा मान जातो. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसांनाही साधारण हाच नियम लागू आहे.

मी शहरातल्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, एक कोंबडीचं पीस काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "साब, पहले ये बोलो. घर में सजाना है, या सड़क पे चलाना है?" लॉकर की खातं, एवढंच ते विचारत होते.

मी म्हटलं, चालवायची, पण काही बदलायचं नाही. उस्तादांनी माझ्याकडे नवीन पेशंटकडे पाहावं तसं पाहिलं. मग हिशेब मांडला. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि त्यावर तिच्या व्हॉल्व्हच्या सीटा टिकत. ते पेट्रोल २००० सालीच बंद झालं. म्हणजे सीटा कडक धातूच्या हव्यात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. म्हणजे जुने रबरी पाइप कुजणार, तेही बदला. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. उसाचे ट्रक चालतात त्या घाटात ते तापले, की पाय खाली जातो आणि गाडीही. म्हणजे पुढे डिस्क ब्रेक हवेत. जग बदललं, तेव्हा गाडी आहे तशीच राहायची असेल तर तिला बदलावं लागेल, हे वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलं असतं तर खाली रेघ मारली असती. उस्तादांनी ते पाना पुसता पुसता, फुकट सांगितलं.

मग एकेक होत गेलं. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, रेडिएटरला विजेचा पंखा, टाकीजवळ विजेचा पेट्रोल पंप, सीटला पट्टे. इंजिन तेच, चासी तीच, स्टिअरिंगचा गिअर तोच, बाकासारखी सीट तीच. साय-रंग तोच. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये अशी सगळी व्यवस्था.

कॉमर्समध्ये आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात, की वस्तू होती तशी ठेवायला केलेला खर्च महसुली आणि तिची कुवत वाढवणारा खर्च भांडवली. मी बिलं घेऊन बसलो आणि पहाटेपर्यंत मला कळेना, की डिस्क ब्रेक कुठे लिहावेत. गाडी तशीच ठेवण्यासाठीच तर ती सुधारली होती! घसाऱ्याचा हिशेब करून पाहिला. गाडी साठ हजारांची धरली आणि दर वर्षी शिलकीवर १५ टक्के घसारा काढला, तर चाळीस वर्षांनी नव्वद रुपये उरतात. पण गंमत अशी, की ह्या पद्धतीत शून्य कधीच येत नाही. काही ना काही मूळचं उरतंच. काय उरतं, ते मात्र पुस्तकात दिलेलं नाही.

रंगाच्या वेळी एक विपरीत प्रकार झाला. मागचं डावं दार घासलं, तर साय-रंगाच्या आत खाली काळा आणि वर पिवळा निघाला. मुंबईच्या टॅक्सीचं दार! म्हणजे अण्णांना गाडी विकणाऱ्याने फसवलं होतं. म्हातारपणी कशाला त्यांना दुःख द्यायचं, म्हणून मी वर घाईघाईने रंग मारवून घेतला. बदललेल्या यंत्रांबद्दलही मी घरात अवाक्षर काढलं नाही. "गाडी साफसूफ करून घेतली," एवढंच सांगितलं.

कॉलेजात असताना मी रोज नागसेनवनावरून सायकल मारत असे. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला जे कॉलेज सुरू केलं त्याला मिलिंद राजाचं नाव, आणि परिसराला नागसेन भिक्खूचं. ह्या दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? ह्या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, इथवर गोष्ट येते. विद्यार्थी असताना मला वाटे, भिक्खूंना बरा वेळ होता. आता वाटतं, त्यांच्याकडे नक्की जुना रथ असणार.

आमच्या मराठवाड्यात तर हे भर दिवसा घडलं आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुक बदललं, पण खातेदाराची शिल्लक पैशासकट पुढे आली. पाटीसाठी कुणी रडलं असेल, पण बुडालं कोणी नाही. मग राणीचं काय बुडालं? मी स्वतःला सांगत होतो, की काही नाही. तरी मला झोप लागत नव्हती.

त्याचं कारण ओलं फडकं. जुन्या फियाटवाल्यांना हे कळेल. उन्हात पेट्रोल पंप तापला, की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घाटात रुसते. त्यावर उपाय, पंपावर ओलं फडकं. अण्णांना डोळे तपासायला कन्नडला नेलं, तेव्हा ते पाण्याची बाटली आणि फडकं मांडीवर घेऊनच बसले. घाटाच्या पायथ्याशी म्हणाले, "थांब. फडकं ठेवून ये."

आता पंप तिथे होता कुठे! त्या जागी एक पत्र्याची चकती होती. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि चकतीवर ओलं फडकं ठेवून आलो.

"ठेवलंस?"

"ठेवलं."

शब्दाला खरं, हिशेबाला खोटं. बँकेत अशी नोंद कुणी केली, तर ऑडिटर त्याला घरी पाठवतो. मी ती पाच-सहा फेऱ्या केली. आपण वडिलांना सांभाळतो आहोत की त्यांना कोंबड्यांच्या शेडमध्ये ठेवतो आहोत, हे मला कळेनासं झालं. गाडी मी खात्यात घातली होती. अण्णांना मात्र लॉकरमध्ये.

सातव्या फेरीला मी उतरणार तोच अण्णा म्हणाले, "राहू दे. पंप तर मागे टकटकतो आहे."

"तुम्हांला ऐकू येतं?"

"अरे, जन्मभर लोकांच्या छात्या ऐकल्या मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या भक्तिभावाने फडकं ठेवायचास, वाटलं तुलाच त्याची गरज आहे."

मी तिथेच, स्टिअरिंगवर हात ठेवून सगळा कबुलीजबाब दिला. ब्रेक, पंखा, सगळं. शेवटी धीर करून टॅक्सीच्या दाराचंही सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते दार मीच बसवलं. शहाण्णव साली. बाळंतपणाहून रात्री येताना झोप लागली, गाडी बाभळीवर गेली. औरंगाबादला भंगारात दार मिळालं. तुझ्या आईला सांगितलं नाही. उगाच घाबरली असती. पुन्हा रात्री जाऊ दिलं नसतं."

घरी आल्यावर आम्ही दोघे आईपुढे गुन्हेगारासारखे उभे राहिलो. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे मला. दार लावल्याचा आवाज बदलला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही धड घरी आला होतात. दाराचं काय घेऊन बसू?"

त्या आजीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला बावीस वर्षांनी मिळालं. सांभाळायचं काय, तर माणूस धड घरी येणं. त्यासाठी दार बदलावं, ब्रेक बदलावे, त्यात पाप नाही. पण बदल करावा आणि नोंद करू नये, हे मात्र पाप. ज्याची ठेव आहे त्याला पासबुक दाखवलंच पाहिजे. आम्ही तिघांनी एकमेकांच्या काळजीपोटी तीस वर्षं पासबुक भरलंच नव्हतं, आणि तिघांनाही शिल्लक तोंडपाठ होती!

आता गाडीच्या खणात एक वही ठेवली आहे. १९९६ च्या दारापासून परवाच्या पेट्रोल पंपापर्यंत सगळ्या बदलांची तारीखवार नोंद, अण्णांच्या स्वतःच्या हातची. व्यवहार आता अगदी स्वच्छ आहे. अडचण एकच आहे. अण्णा डॉक्टर असल्यामुळे त्यातलं एक अक्षर कुणाला लागत नाही. परवा उस्तादांनी वही बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "साब, ये दवा खाने के पहले लेनी है, या बाद में?"