वाकळेचा वाकडा टाका



देवस्थानच्या मदतनिधीसाठी हस्तकामाच्या वस्तूंची विक्री भरवावयाची ठरली की पुष्कळ घरांतून एकच शंका ऐकू येते. “सासूबाईंनी शिवलेली वाकळ आहे खरी, पण टाके सरळ नाहीत, एक कोपराही आखूड पडला आहे. धर्मकार्यास ती कशी द्यावी?” मग ती वाकळ ट्रंकेत राहते आणि तिच्याऐवजी बाजारची रजई दिली जाते. वयाने व अधिकाराने आम्ही लहान आहोत. तथापि पूजाविधी पाहतच वाढलो असल्यामुळे याविषयी चार शब्द निवेदन करीत आहोत.

शंका अगदीच निराधार नव्हे. देवास आपण अक्षता वाहतो, आणि ‘अक्षत’ म्हणजे न मोडलेले. मोडका दाणा निवडून काढणाऱ्यांना सदोष वस्तू अर्पण करण्याचा संकोच वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच पूजेची सांगता कशी होते ते पाहावे. मंत्रांत, क्रियेत, भक्तीत जे उणे राहिले असेल ते देवाने पूर्ण मानून घ्यावे, अशी प्रार्थना आपण करतो. महापंडिताची पूजाही या क्षमायाचनेवाचून संपत नाही. म्हणजे दाणे निवडण्याची काळजीही हवी आणि राहिलेल्या उणिवेची कबुलीही हवी.

मग कोणतेही दान चालेल काय? नाही. कठोपनिषदात नचिकेत्याच्या पित्याने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला. दक्षिणेसाठी आणलेल्या गाई मात्र अशा होत्या की त्यांचे चारापाणी संपले होते, दूध आटले होते, शक्ती गेली होती. ते पाहून त्या बालकाचे मन अस्वस्थ झाले. त्या गाई घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाच्या नव्हत्या, आणि देणारा तर सर्वस्व दिल्याचे पुण्य इच्छीत होता. दोष होता तो येथे.

हीच कसोटी वाकळेस लावावी. जुनी लुगडी व धोतरे थरावर थर अंथरून, धावदोरा घालून ती शिवतात. टाका वाकडा असला तरी घट्ट असेल तर थर सरकत नाहीत आणि ऊब कमी होत नाही. उलट कापड विरलेले असेल, पहिल्याच धुण्यात फाटणार असेल, तर टाके कितीही सुबक असोत, ती देऊ नये. आपल्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागांतील सिद्दी भगिनी कडेपासून मध्याकडे शिवत जातात. त्यांचे तुकडे एका मापाचे नसतात. पण कोपऱ्यांवर रंगीत त्रिकोणी तुकडे लावल्यावाचून त्या वाकळ पुरी झाली असे मानीत नाहीत. त्या तुकड्यांस त्या फुलेच म्हणतात. माप चुकले तर चालते, प्रेम राहून गेलेले चालत नाही!

विक्रीची वस्तू म्हणून आणखी एक पथ्य आहे. कोपरा आखूड असल्यास तो घडीखाली झाकू नये. घेणाऱ्यास उघड सांगावा व किंमत त्याप्रमाणे ठेवावी. निधीत दोन रुपये कमी पडले तरी चालतील, धर्मकार्यात लपवाछपवी नको. घेणाऱ्यांनीही टाक्यांवर हसून घासाघीस करू नये.

शेवटी त्या वृद्ध मातेचा विचार करावा. सुईत दोरा ओवण्यास तिला नातीचे डोळे लागतात, तरी तिने दुपारमागून दुपार बसून ती वाकळ पुरी केली. आपण ती मागे ठेवून रजई विकत आणली, तर मदतनिधीस रक्कम मिळेल. पण आपल्या हातांना देवाच्या दारी आता जागा उरली नाही, असे ती मनाशी समजेल. हे दुःख ती कोणास सांगणारही नाही.

यास्तव वाकळ नीट पाहावी, सुटलेला टाका घालावा, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावी आणि मातेने ती स्वहस्तेच आणून द्यावी. आपल्या सर्वांच्या उण्या सेवेस प्रभू पूर्णत्व देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.