गीत तेच, मन निराळे

१९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमात अमीन सयानी पुढे लोकप्रिय गीतांची क्रमवारी सांगू लागले. क्रमवारी बहुतांची आवड मोजते. परंतु एखादे गीत माझे का होते, हे तिला सांगता येत नाही.

शौलाचे उदाहरण पाहा. दाविदाच्या वीणावादनाने त्याला आराम पडे (१ शमुवेल १६:२३). पुढे स्त्रियांनी दाविदाचा पराक्रम राजाहून थोर ठरवणारे गीत गाइले. ते शौलाला झोंबले. दुसऱ्याच दिवशी दावीद नित्याप्रमाणे वाजवीत असता त्याने भाला फेकला. वादक तोच, वाद्य तेच. बदलले होते ते ऐकणाऱ्याचे मन.

म्हणून ‘मला आवडते’ हे विधान पुष्कळदा गीताहून आपल्याविषयीच अधिक सांगते. अर्थात, सर्व गीते सारख्याच मोलाची असे नव्हे. मत्सरी कानाला रुचली नाही म्हणून वीणा बेसूर ठरत नाही. तसेच उदास मनाला कुरवाळते म्हणून गीत हितकर ठरत नाही. आधी मनाची परीक्षा करावी, मग गीताची.

खिन्न हृदयापुढे गीते गाणे म्हणजे थंडीत अंगावरचे वस्त्र काढणे, असा नीतिसूत्रे २५:२० चा आशय आहे. तेथे दोष गीताचा नाही, श्रोत्याचे मन न ओळखण्याचा आहे. तेव्हा रुग्णाच्या उशाशी आपले आवडते भजन आरंभण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे, “आज आपणांस काय ऐकावेसे वाटते?” कदाचित उत्तर येईल, “काहीच नको, नुसते जवळ बसा.” तेही प्रीतीने ऐकावे.