रात्रीची बचत

हैदराबादेत मुशी नदीच्या काठी सांडपाणी शुद्ध करणारा एक लहानसा प्रकल्प होता. त्याच शहरातल्या अंबरपेटच्या मोठ्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ३३९ दशलक्ष लिटर. त्याच्यापुढे हा अगदीच चिमुकला. काचीगुड्यात वाढलेले एक जुने मराठी ऑपरेटर तो चालवत. सगळे त्यांना काका म्हणत.

काका रोज सकाळी हवा खेळवण्याच्या टाकीतले गढूळ पाणी लिटरभराच्या मोजनळीत भरत आणि अर्धा तास तिच्यापाशी थांबत. तपकिरी गाळ हळूहळू तळाशी बसे, वर नितळ पाणी उरे. मग ते वास घेत. ओल्या मातीचा वास आला की म्हणत, "मंडळी खुशाल आहेत." मंडळी म्हणजे पाण्यातली घाण खाणारे जिवाणू.

एके दिवशी तिथे नांदेडचा तरुण अभियंता रुजू झाला. हुशार आणि हिशेबाला पक्का. वीजबिल चाळताच त्याच्या लक्षात आले, की सर्वांत जास्त वीज टाकीत हवा सोडणारे ब्लोअर खातात.

"काका, रात्री सांडपाणी कमी येतं. रात्रभर ब्लोअर बंद ठेवू."

"साहेब, त्या जिवांना रात्रीही श्वास लागतो. हवा कमी करा, बंद नका करू."

"रात्री नमुना घ्यायला कोण येतंय?"

साहेबांपुढे काकांचे काही चालले नाही. ब्लोअर बंद राहू लागले. महिनाअखेरीस बिल उतरले, वरिष्ठांनी अभियंत्याची पाठ थोपटली. पण पुढे मोजनळीतला गाळ बसेनासा झाला. तो काळा पडला, त्याला कुजक्या अंड्यांची घाण येऊ लागली. बाहेर पडणारे पाणीही गढूळ दिसू लागले.

काकांनी नळी समोर धरली, तेव्हा अभियंता म्हणाला, "मुशी तरी कुठे स्वच्छ आहे? त्यात आपलं पाणी ते किती! आणि ते तर शहराबाहेर जातं."

"जातं कुठे, ते एकदा बघून येऊ," काका म्हणाले.

दोघे मोटारसायकलवरून नदीच्या कडेने निघाले. वाटेत काका सांगत होते, "अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते ही, वाडापल्लीला कृष्णेला मिळते. १९०८च्या सप्टेंबरात हिच्या पुराने हजारो माणसं नेली. मग निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. १९२० साली मुशीवर उस्मानसागर तलाव झाला, १९२७ साली ईसा नदीवर हिमायतसागर. पूर आवरला, पण वरचं स्वच्छ पाणीही तिथेच थांबलं. आता उन्हाळ्यात शहरातून वाहतं ते बहुतेक आपण वापरून सोडलेलं पाणी. साहेब, आपण नदीत पाणी सोडत नाही, आपल्यासारख्यांच्याच पाण्याची नदी झालीय."

पीरजादीगुड्याजवळ नदीकाठी पॅरा गवताची हिरवीगार शेते लागली. घोटाभर काळ्या पाण्यात उभ्या राहून बायका विळ्याने गवत कापत होत्या. काकांनी तेलुगूत विचारपूस केली. एकीने पाय वर करून दाखवला. बोटांच्या बेचक्या सोलवटल्या होत्या. या पाण्याने खाज सुटते, म्हणाली; पण गवत वर्षभर निघतं, रोजचे पैसे मिळतात.

अभियंत्याने मान खाली घातली. टेम्पोत भारे चढत होते. त्याने विचारले, "हे कुठे जातं?"

"शहरात. गोठ्यांतल्या म्हशींना."

परतताना एक टेम्पो त्यांच्या पुढेच होता. तो वळला प्रकल्पामागच्या गल्लीत आणि एका गोठ्यापाशी थांबला. त्याच गोठ्याचे दूध कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाई आणि तिथला चहा रोज सकाळी अभियंत्याच्या टेबलावर येई. काकांना काही बोलावेच लागले नाही.

त्या रात्री ब्लोअर पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या प्रकल्पातून टँकरने जिवंत गाळ आणून टाकीत सोडला. मेलेली टाकी काही एका दिवसात उठत नाही. नळीत पुन्हा नितळ पाणी दिसायला कित्येक आठवडे गेले. मग अभियंत्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग कमी-जास्त करायला सुरुवात केली. बचत आधीच्यापेक्षा कमी झाली, पण खरी झाली. वरिष्ठांनी बिल वाढल्याचे कारण विचारले. त्याने लिहून दिले, "आधीचे बिल कमी होते, कारण काम होत नव्हते." खाली सही केली.

तात्पर्य : नदीच्या खालच्या अंगाला परके कोणी राहत नाही. कोणी बघत नाही म्हणून टाळलेले काम आधी दुसऱ्याच्या पायाला भिडते आणि मग आपल्या दारी येते. म्हणून पाणी सोडताना ते आपल्याच ताटात वाढायचे आहे, असे समजून सोडावे.