मुखवटा आणि मुख

मत्तयलिखित शुभवर्तमानात दांभिकांसाठी आलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ 'नट' असा आहे. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना व उपवास या सत्कर्मांबाबतच आपणांस सावध करतो. कारण ढोंग पुण्याचाच वेश घेऊन येते.

लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला; परंतु जातिभेद त्यांनी त्यापूर्वीच मनातून काढून टाकला होता, हे 'स्मृतिचित्रे'वरून कळते. तेथे पालट आधी झाला, विधी मागाहून. आपला बाप्तिस्मा बहुधा तान्हेपणीच होतो. पालट पुढे घडावयाचा असतो. तो न घडला तर हाती केवळ वेश उरतो. गोव्यात काही चर्चच्या कॉन्फ्रारियादेखील जातीनुसार वेगळ्या होत्या. एकाच वेदीवरील भाकर घेणारे आपण सोयरीक जुळविताना जात विचारतो, मोलकरणीचा कप निराळा ठेवतो, तेव्हा त्या वेशाआड कोण असतो?

येथे एक विवेक हवा. दुर्बलतेने पडणारा दांभिक नव्हे. पडूनही उभा असल्याचे भासविणारा दांभिक होय. म्हणून ढोंगाच्या भयाने मिस्सा वा जपमाळ सोडू नये. पनवेलच्या बाजारात तराजू धरताना, भावाशी जमिनीची वाटणी करताना रविवारचाच माणूस तेथे होता काय, एवढे रोज रात्री स्वतःस विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर पापनिवेदन करावे, आणि त्या भावाच्या दारीही जावे.